घड्याळवाल्या सरांची पडकई

माझ्या घरमालकांचं ठाम मत होतं की संगणकासमोर बसू नये. बसलं की माणूस सैल पडतो आणि मशीनला ते बरोबर कळतं. त्यामुळे त्यांचा लॅपटॉप ओसरीतल्या धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर असायचा आणि सर त्याच्यासमोर उभे असायचे. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, पाठ ताठ. साधा ईमेल वाचायचा असला तरी पवित्रा कबड्डीच्या सामन्याचा.

घरात बूट घालून वावरणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमी नव्या हाय अजून. लग्नाच्या मांडवात बूट काढा म्हणलं तर भटजीशी भांडले व्हते हे."

राजुरीला मी एका शाळेत कंत्राटी संगणकशिक्षिका म्हणून आले होते. खोली बघायला गेले तेव्हा भाडं, नवरा, मांसाहार यातलं काहीच या गृहस्थांनी विचारलं नाही. "मॅडम, फाटकापासून पायरीपर्यंत जरा चालून दावा," म्हणाले. मला वाटलं थट्टा करतायत. पण चेहरा अगदी गंभीर. मी चिडले आणि पाय आपटत चालले. "रागात बी चाल सरळ हाय. खोली तुमची," असा निकाल लागला. माझा असा अपमान आणि असा सन्मान एकाच दमात कुणी केला नव्हता.

निकाल देणं हा त्यांचा स्वभावच होता. आयुष्यभर क्रीडाशिक्षक, निवृत्त झाले तरी पंचगिरी सुटली नव्हती. चहात साखर जास्त झाली, बाद. टीव्हीवरच्या हिंदी मालिकेतली सासू उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आत बाद. पुढाऱ्याचं भाषण पहिल्या वाक्याला बाद. मी हौसेनं उंच टाचांच्या चपला आणल्या, तर त्यांच्याकडे एकदाच बघून म्हणाले, "पळायची येळ आली तर काय करणार? बाद." त्या चपला मी चिडून घातल्या आणि फाटकापाशीच पडले. तेव्हा मात्र ते काही बोलले नाहीत. हे जास्त लागलं.

पण पंचक्रोशी त्यांना ओळखायची ती शाळेमुळे नाही, घड्याळामुळे. जुन्नर-आंबेगावात जत्रा म्हटलं की बैलगाडा आला. शर्यतीची धाव चढाची असते, तिला घाट म्हणतात. गाड्यावर माणूस बसत नाही. खालून गाडा सुटतो, पुढे घोडी पळते आणि बैल जीव खाऊन वर येतात. एका वेळी एकच गाडा. ज्याला वर यायला वेळ कमी, तो पहिला. सगळा खेळ काही सेकंदांचा आणि दोन गाड्यांमधला फरक पापणी लवण्याइतका. तेवढ्या फरकापायी माणसं वर्षभर एकमेकांच्या दारात जात नाहीत. म्हणून घाटात खरा वजनदार माणूस कोण, तर वेळ लावणारा घड्याळवाला. सर आधी हातातल्या स्टॉपवॉचवर वेळ लावायचे. मग काळ बदलला. खाली आणि वर सेन्सरच्या पेट्या आल्या, वायर लॅपटॉपला आली आणि आकडा भल्यामोठ्या स्क्रीनवर दिसू लागला.

जत्रांचा हंगाम सुरू झाला की सर सोवळ्यात जायचे. कुठल्याही गाडामालकाचा चहा नाही, पान नाही, जेवण नाही. घाटात जाताना भाकरी-ठेचा फडक्यात बांधलेला आणि पाण्याचा कॅन खांद्याला. दुर्दैव असं की काकूंच्या सख्ख्या भावाकडेच गाडा होता आणि तो नंबरात यायचा. झालं, सरांनी मेव्हण्याच्या घरचं पाणी सोडलं.

"भाऊबीजेला मला दारात सोडत्यात नि हे रस्त्याला उभे," काकू म्हणायच्या. "माझी वहिनी ताट घेऊन बाहेर येती, तर हे लिंबाच्या झाडाकडं बघत्यात. लोक म्हणत्यात, जावई रुसलाय."

"जावई रुसला तर चालतंय," सर म्हणायचे, "घड्याळ घरच्यांचं झालं की घाटाचं ऱ्हात न्हाई."

अशा माणसाच्या बाबतीत ते घडावं, हे मला आजही सहन होत नाही.

मी राहायला आले त्याच वर्षीची, शेजारच्या गावची जत्रा. मी पहिल्यांदाच घाट बघत होते, तोही थेट सरांच्या मांडवातून. फायनलला बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा व्यापार करणाऱ्या एका शेठचा गाडा सुटला. शेठ अंगानं दणदणीत, आवाज असा की माईकची गरज नाही. त्यांचे बैल असे आले की अख्खा घाट उभा राहिला. लोकांनी माना स्क्रीनकडे वळवल्या. आकडा उमटला न उमटला, तोच स्क्रीन काळी झाली आणि मधोमध इंग्रजीत एक चौकट आली. सरांनी ती बंद केली. ती परत आली. माईकवरच्या उत्साही निवेदकाला कुठून अवदसा आठवली. त्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि वर भाषांतरही केलं. "मंडळी, स्क्रीनवर असं आलंय की ही विंडोजची कॉपी जेन्युइन नाही! म्हंजी डुप्लिकेट हाय!"

घाटात शिट्ट्या सुरू झाल्या. शेठ मांडवाखाली येऊन गरजले, "ज्याची मशीनच डुप्लिकेट, त्याचा टायम खरा कसा धरायचा?"

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, म्हंजे काय हे?"

मी हळूच सांगितलं. लॅपटॉप तालुक्याच्या एका दुकानातून घेतलेला; दुकानदारानं 'सगळं टाकून देतो' म्हणून दिलेला. जे टाकलं होतं ते विकत घेतलेलं नव्हतं, उचललेलं होतं. मी आणखी हळू म्हटलं, "सगळीकडे असंच असतं, सर. वायर सैल झाली म्हणा, विषय मिटेल."

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चपलांकडे बघू लागले. मग ते जत्रा कमिटीसमोर गेले आणि माईक मागून घेऊन म्हणाले, "मशीनमधली सिस्टिम चोरीची हाय. मला ठावं नव्हतं, पण घाटात मी आणली."

कमिटीचे अध्यक्ष चांगले गृहस्थ. त्यांनी कानाशी येऊन विचारलं, "सर, आकडा तर आला असंल ना? तेवढा सांगा."

"चोरीच्या मशीनवरचा टायम तोंडानं सांगायचा मला अधिकार न्हाई," सर म्हणाले.

बाकीचे आकडे कमिटीच्या वहीत आधीच उतरलेले होते, म्हणून शेठचा गाडा तेवढा स्टॉपवॉचवर परत पळवला. बैल दमलेले, वेळ जास्त लागला. पहिला नंबर गेला. शेठ जाताना सरांच्या अंगावरून गेले, पण राम राम घातला नाही. कमिटीनं पुढच्या वर्षी दुसरं घड्याळ बघायचं ठरवलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चुकलं नव्हतं.

घरी आल्यावर सरांनी शिट्टी खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू धावत माझ्या खोलीवर आल्या. "मॅडम, खाली चला. हे अनवाणी हायत." सर ओसरीत खुर्चीवर बसले होते. पाय उघडे. कोठीवर लॅपटॉप बंद. एखाद्याच्या नुसत्या पावलांकडे बघून रडू येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ते दुकानदाराकडे जाऊन आले. दुकानदार हसला होता म्हणे. "सर, सगळ्यांचं असंच असतंय." हेच वाक्य मीही घाटात म्हटलं होतं.

"अस्सल सिस्टिम विकत घेऊ," मी म्हटलं. पण नवी अस्सल आवृत्ती त्या जुन्या लॅपटॉपला पेलवणारी नव्हती. "मग नवा लॅपटॉप घ्या."

"मशीन बदललं तर लोक म्हणतील मशीन बदललं. ह्याच मशीननं नाव घालवलंय. ह्याच मशीनवर परत यायचं, त्याच घाटात. न्हाईतर घड्याळ बंद."

तेव्हा मी लिनक्सचं नाव काढलं. वेगळी सिस्टिम आहे, जुन्या मशीनवर पळते, कायद्यानं पूर्ण आपली आणि एक रुपया लागत नाही.

"फुकाट?" जत्रेनंतर सर पहिल्यांदाच ताठ झाले. "बाद! फुकाट देणारा एकतर चोर असतो, न्हाईतर उमेदवार."

मी समजावू लागले. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून थोडं थोडं काम करतात. कुणी एक भाग लिहितो, कुणी चूक दुरुस्त करतो, कुणी मराठीत आणतो. मजुरी कुणी मागत नाही. झालेलं काम सगळ्यांचं, कुणीही न्यावं. मी बोलत होते आणि सरांचे डोळे बदलत होते. शेवटी मला मधेच तोडून ते म्हणाले, "थांबा. ही तर पडकई हाय."

सर मूळचे शिनोलीच्या वरच्या अंगाच्या एका डोंगरातल्या वाडीचे. तिकडे उतारावर भातखाचर पाडायचं तर एका घराचं काम नाही. वाडीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस येतं, दगड रचतं, माती ओढतं, खाचर उभं राहतं. पैसा नाही. उद्या त्याच्या रानात, परवा तिसऱ्याच्या. त्याला पडकई म्हणतात. सरांच्या वडिलांची सगळी खाचरं पडकईची.

"त्या खाचरातला भात खाऊन मी मोठा झालो," ते म्हणाले. "कुणाच्या बापाची टाप न्हाई त्याला चोरीचा म्हणायची. आणा तुमचं लिनक्स."

मी पेनड्राइव्हवर टाकून दिलं. म्हटलं, आधी यावरूनच चालवून बघा, आवडलं तर पुढचं बघू. हे त्यांना पटलं. बेल्ह्याच्या बाजारातून बैल आणला तरी आधी जुंपून बघतातच की. पेनड्राइव्हला ते 'पावणं' म्हणू लागले. "पावणं हलकं हाय चालायला. पावण्याचा आवाज कमी हाय." उभ्यानं, एकेका बोटानं, ते गेल्या सगळ्या जत्रांच्या गाड्यांची नावं टाइप करत राहिले.

आणि रोज सकाळी खालून हाक: "मॅडम, पावणं परत इसरलं!"

आदल्या दिवशी लिहिलेलं सगळं गायब. आधी त्यांनी विजेला दोष दिला, मग काकूंच्या झाडूला. मग स्वतःलाच. "माझंच काय तरी चुकतंय. लिहायला जोर कमी पडत असंल." आणि कळा असे दाबायचे की कोठीतले गहू हलायचे. मी शाळेच्या घाईत असायचे, त्यामुळे नीट बघायला बरेच दिवस गेले. बघितलं तेव्हा कपाळावर हात मारला. त्यांना वाटत होतं सिस्टिम बदलून झाली. ती अजून नुसती पेनड्राइव्हवरून चालत होती. मशीन बंद केलं की लिहिलेलं पुसलं जाणार.

"अहो सर, पाहुणा आहे तो! घरात घेतलाच नाही, तर सामान ठेवील कुठं?"

सर इतके हसले की काकू चूल सोडून बाहेर आल्या. "मंग घरात घ्या की त्येला! इतके दिस बिचारं वळचणीला ठेवलंय."

रविवारी सकाळी घरात घ्यायचं ठरलं. जुने फोटो मी आधी दुसरीकडे काढून ठेवले. मशीननं विचारलं, जुनी सिस्टिम शेजारी राहू देऊ, की सगळं पुसून टाकू? मी सावधपणे म्हटलं, "दोन्ही ठेवता येतात, सर. अडलं तर जुनी असलेली बरी."

"चोर नि पोलीस एका खोलीत? पुसा."

पुसायला लागलं. पडद्यावरची पट्टी सावकाश सरकत होती आणि सर श्वास धरून उभे. तेवढ्यात काकू ताट घेऊन आल्या. ताटात निरांजन, कुंकू, भाकरीचा तुकडा. दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. नवा बैल दारी आला की त्याच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात, तुकडा उतरून टाकतात. घरात नवं जनावर येणार आणि ओवाळायचं नाही, हे त्यांना शक्यच नव्हतं.

"पाय कुठं हायत ह्येचे?" काकूंनी विचारलं आणि तांब्या तिरका केला. मी अशी झेप घेतली की सरांनी नंतर तिचं कौतुक केलं. शेवटी पाणी कोठीच्या चार पायांवर घातलं. कुंकू लॅपटॉपच्या झाकणावर लागलं. तुकडा उतरवून फाटकाबाहेर टाकला, तो शेजारच्या कुत्र्यानं वरच्यावर झेलला. पट्टी पूर्ण झाली, मशीन बंद होऊन परत सुरू झालं आणि पडद्यावर सरांचं नाव आलं. त्यांचं स्वतःचं नाव, मराठीत. सर बघतच राहिले. "माझं नाव," एवढंच म्हणाले.

त्यानंतर सुरू झाली खरी शिकवणी. साठी उलटलेल्या माणसाला उभ्यानं शिकवायचं म्हणजे आपणही उभं राहायचं. माझ्या पोटऱ्या दुखायच्या. एकदा शाळेतून आले तर सर दात घासायच्या ब्रशनं कळा साफ करत होते. मशीनला लेखी हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाकायचा होता आणि कितीही दाबलं तरी तिथं काही उमटत नव्हतं. कीबोर्ड मेला असं त्यांनी ठरवलं होतं. मी सांगितलं, उमटत नाही, पण पोचतं. शेजारच्यानं बघू नये म्हणून ते दाखवत नाही.

"रुमालाखालचा सौदा!" सर ओरडले. बाजारात बैलाचा भाव करताना व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात. भाव त्या दोघांनाच कळतो. "बोटं दिसत न्हाईत, पण आकडा पोचतो. हे बेल्ह्याला शिकून आलंय का काय?"

पण त्यांनी लिनक्सवर खरा जीव टाकला तो सेन्सरची पेटी जोडली त्या दिवशी. पेटी लावली आणि मशीननं साफ नकार दिला: परवानगी नाही. सर चकित. "पर मालक मी हाय ना?"

"मालक असलात तरी. या वायरीला हात लावायचा तर आधी तुमचं नाव रीतसर त्या गटात घालायला हवं."

"मालकाला बी न्हाई म्हणतंय?" त्यांनी तो नकार बोट फिरवत परत वाचला. "मॅडम, पंच पायजे तर असा." ते आत गेले आणि बाहेर आले ते बूट घालून. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला मला आग्रहानं बोलावून त्यांनी पुरणपोळी केली. कारण कुणी विचारलं नाही.

एक मोठी अडचण उरली होती. वेळ लावायचा प्रोग्राम जुन्या सिस्टिमचा. सेन्सर बनवणाऱ्या नारायणगावच्या कारागिरानं फोनवर सांगितलं, तो इकडे चालायचा नाही. मी म्हटलं, तशीही सोय आहे. लिनक्स त्या प्रोग्रामपुरतं विंडोजचं सोंग घेतं आणि काम भागतं.

"सोंग? घाटात? बाद."

मग काय, प्रोग्राम मीच लिहायला घेतला. फार मोठा नव्हता. खालच्या पेटीचा इशारा आला की मोजायला लागायचं, वरच्या पेटीचा आला की थांबायचं, आकडा मोठा दाखवायचा. पण शाळेत पोरांना नुसती व्याख्या पाठ करायला लावणारी मी. स्वतः काही घडवून वर्षं झाली होती. शाळेचे पेपर तपासायचे राहिले, मी चिडचिडी झाले. सर मागे उभे राहून आकडा आणखी मोठा करा म्हणायचे. "घाटाच्या तळाला बसलेल्या म्हातारीला चष्म्याबिगर दिसला पायजे." मी एकदा ओरडले, "मग म्हातारीलाच वर आणून बसवा!" त्यावर त्यांनी शांतपणे आकडा आणखी मोठा करायला सांगितलं.

जमलं त्या दिवशी एक पेटी फाटकाशी लावली, एक पायरीशी. आधी सर पळाले. आकडा आला. मी पळाले, आकडा आला. मग काकूंनी ओचा खोचला आणि, आम्ही नको नको म्हणत असताना, अशा सुटल्या की पायरीवरची कोंबडी कोठीवर चढली. आकडा आला. काकू पहिल्या. खुंटीवरची शिट्टी सरांनी काढली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी वाजवली. मी इतकी खूश होते की शेजारणीला हाक मारून तिलाही पळायला लावलं.

दुसऱ्याच दिवशी सरांनी विचारलं, "मॅडम, आपलं माणूस कधी जायचं?"

"कुठं?"

"पडकईला. आपलं खाचर झालं की दुसऱ्याच्या रानात जायाचं असतं."

जग फार मोठं आहे, कुणाच्या रानात जाणार, असं मी म्हणणार होते. पण पेनड्राइव्ह फडक्यात बांधून सर त्यांच्या वाडीकडच्या एका आश्रमशाळेत गेलेसुद्धा. तिथं खोलीभर जुने संगणक धूळ खात होते. सुट्टी बघून मीही दोनदा गेले. गेले तर काय, संगणक चालू, मुली उभ्या, पाठी ताठ, आणि सर सांगतायत, "आधी पावणं म्हणून बघा. मग घरचं करा." कुंकवाची डबी काकूंनी बरोबर दिली होती.

जत्रा जवळ आली. सर आपणहून कमिटीकडे गेले. "मशीन तेच हाय, आतली सिस्टिम आता माझ्या हक्काची हाय. कुणीबी उघडून बघा." कमिटीनं मधला मार्ग काढला: सरांचं घड्याळ लावू, पण शेजारी स्टॉपवॉचवाली दोन माणसं बसतील. आकडे जुळले नाहीत तर सरांनी उठायचं. हे सगळ्यांसमोर ठरलं आणि सगळ्यांसमोर सरांनी होकार दिला. उठावं लागलं असतं तर ते परत कुठल्याच घाटात उभे राहिले नसते, हे मला माहीत होतं. काकूंनाही. त्या जत्रेला आल्याच नाहीत. देवापुढे बसून राहिल्या.

सकाळी पहिला गाडा सुटला तेव्हा मी वायरची पिन बोटानं दाबून धरली होती. प्रोग्राम माझा होता ना! आकडा आला. स्टॉपवॉचवाल्यांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. दुसरा आला, तिसरा आला. दुपार होईतो ती दोन माणसं आपली घड्याळं खिशात घालून स्क्रीनकडेच बघू लागली होती. सर खुर्चीला शिवले नाहीत, की कुणाच्या चहाला.

फायनलला पुन्हा बेल्ह्याच्या शेठचा गाडा. पळाला, आणि काय पळाला! आकडा स्क्रीनवर ठसठशीत उभा राहिला. त्याला गाठणारं कुणी नव्हतं. मग शेवटचा गाडा सुटला, काकूंच्या भावाचा. सरांचा मेव्हणा. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, हा हळू पळू दे. खरंच म्हटलं. बैल वर आले, आकडा उमटला, आणि शेठपेक्षा केसभर कमी.

गर्दीतून लगेच आवाज आला, "मेव्हण्याचा टायम काढला रं!" कुणीतरी शिट्टी मारली. सर लॅपटॉपसमोर ताठ उभे होते आणि त्यांच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. शेठ मांडवाकडे चालत आले. वाट आपोआप मोकळी झाली. ते स्क्रीनकडे बघत राहिले, मग सरांकडे.

"सर, बरुबर हाय?"

"बरोबर हाय."

शेठनी गर्दीकडे तोंड फिरवलं. माईक त्यांना लागायचा नाहीच. "कोण म्हणलं रं मेव्हण्याचा? ज्या माणसानं भर घाटात सोताची मशीन चोरीची हाय म्हणून सांगितलं, त्यो टायम चोरील? पयला नंबर त्येंचा. मी हारलो. इषय सपला!"

घाट दणाणला. स्टॉपवॉचवाले उठून टाळ्या वाजवू लागले. मेव्हणा खालून पळत येत होता. पण सरांनी हात वर केला आणि निवेदकाच्या हातातला माईक घेतला.

"शेठ, आज तुमी माझा टायम खरा धरला. आता मला अधिकार आलाय, म्हणून सांगतो. गेल्या साली चौकट यायच्या आधी तुमचा आकडा मी बघितला व्हता." त्यांनी आकडा सांगितला, शतांशासकट, कुठंही न बघता. "त्या फायनलला तेवढ्या टायमात कुणीच आलं न्हाई. गेल्या सालचा पयला नंबर तुमचा व्हता."

शेठ, एवढा मोठा माणूस, दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा राहिला. मग त्यांनी हात काढले, डोळे पुसले आणि सरांना कवेत घेऊन जमिनीवरून वर उचललं, बुटांसकट.

"मंग गेल्या सालचा भंडारा आज उधळा की रं!" शेठ गरजले.

दोन्ही गाड्यांची माणसं मांडवात घुसली. पिवळ्याधमक भंडाऱ्याची पोतीच्या पोती मोकळी झाली. शेठच्या खांद्यावरून सर ओरडत होते, "मशीनवर नको! आरं, मशीनवर नको!" पण ऐकतंय कोण? मीसुद्धा दोन्ही मुठी भरून घेतल्या आणि होता नव्हता तेवढा त्यांच्याच अंगावर उधळला.